आदी निवडायचं, मग दळायचं

वाघमोडे अण्णांना नवीन माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "आई हाय का?"

मी कापडगिरणीत लागले त्या सकाळी मलाही त्यांनी हेच विचारलं. मी बिचकून म्हटलं, "आहे." अण्णांचा चेहरा उजळला. "झ्याक झालं. म्हंजे तुमची तारीख खरी निघंल." शिपाई हळूच म्हणाला, "मनावर घिऊ नका ताई, ते समद्यास्नीच इचारत्यात."

अण्णा आमच्या सोलापूरच्या गिरणीतल्या, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे जुने कारकून. मूळचे माळशिरसकडचे, मेंढपाळाच्या घरातले. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल. सगळ्या कामगारांची सर्व्हिस रजिस्टरं त्यांच्या ताब्यात, आणि हात धुतल्याशिवाय ते कोणाला रजिस्टराला शिवू देत नसत. मी दिवसातून सहा वेळा हात धुऊन अगदी कंटाळून गेले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस येऊन रजिस्टरांवरची धूळ झटकून जायचा.

शहात्तर साल असेल. गिरणीनं ठरवलं की रजिस्टरांतली माहिती पंचकार्डांवर घ्यायची आणि कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची. मी पुण्यात तीन महिने शिकून आलेली पंच ऑपरेटर, त्यामुळे तोरा होताच. एका माणसाचं एक कार्ड, त्यावर ऐंशी खण, खणांत भोकं. जन्मतारखेला सहा खण. त्या सहा आकड्यांवरून माणसाला साठ कधी पूर्ण होतात आणि त्याचं काम कधी सुटतं, ते यंत्र सांगणार.

पण रजिस्टरात निम्म्या लोकांना जन्मतारीखच नव्हती. कुठे 'अंदाजे चाळीस', कुठे 'मध्यम वय', आणि एका ठिकाणी तर नुसतंच 'दाढी आहे'.

पुण्याहून आलेले प्रधान साहेब म्हणाले, "त्यात काय? जसं आहे तसं आत घ्या. तारीख नसेल तिथे अंदाजाचं साल आणि एक जून. करेक्शन्स नंतर बघू."

अण्णा खुर्चीवरून उठले. "साहेब, खड्यांसकट दळायचं आन् मग पिठातनं खडं येचायचं व्हय? आदी निवडायचं, मग दळायचं."

खरं सांगते, मी मनातून साहेबांच्या बाजूची होते. मला रोज कार्डं मोजून द्यावी लागत. अण्णांच्या चालीनं गेलो असतो तर मला नातवंडं झाली असती तरी काम संपलं नसतं.

साहेबांनी त्यांच्या पद्धतीनं एक खातं करून पाहिलं. पुण्याहून यादी आली. वाइंडिंग खात्यातल्या, बॉबिनींवर सूत भरणाऱ्या बऱ्याचशा बायका एकाच दिवशी जन्मलेल्या आणि एकाच दिवशी निवृत्त होणाऱ्या! मॅनेजर कडाडले, "आणि दुसऱ्या दिवशी बॉबिनी कोण भरणार? मी?" अण्णांना दसऱ्यापर्यंत मुदत मिळाली. तोवर ज्याची तारीख सापडणार नाही, त्याला एक जून.

त्या यादीत नरसम्मा होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर. यादीप्रमाणे पुढच्या वर्षी तिचं काम सुटणार होतं. ती ऑफिसात येऊन रडायला लागली. "मी एवढी म्हातारी कधी झाली, अण्णा?"

"आई हाय का?"

"आहे."

"मग रडतीस कशाला? चला ताई, वही घ्या."

नरसम्माची आई पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या घरी हातमागाशेजारी बसली होती. अण्णा तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घालून बसले. म्हातारी तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "गड्ड्याच्या जत्रेत होम झाला, त्याच्या दुसरा दिवस ही आली. शुक्रवार. मी डोकं धुतली होती, म्हणून आठवते."

"साल?"

"साल काय माहीत बाबा?"

अण्णांनी पिशवीतून जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढला. बाजारातून गोळा केलेली, वाळवी लागलेली पंचांगं. जत्रेतला होम संक्रांतीला होतो, म्हणून संक्रांत कोणत्या साली गुरुवारी आली, ते बोट फिरवत पाहत बसले. दोन सालं जुळली. "बरं, ही झाली तवा घरात आनिक काय झालतं?" म्हातारीनं मागाकडे बोट केलं. "हा माग आला." मागाच्या लाकडावर कारागिरानं साल कोरलेलं होतं. अण्णांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसून वाचलं. नरसम्मा एकावन्न वर्षांची निघाली. ती तिथंच आईच्या गळ्यात पडली, आणि त्या दिवसापासून मी अण्णांच्या बाजूची झाले.

मग आम्ही गावभर म्हाताऱ्या शोधत हिंडलो. आई नसेल तर मावशी, मावशी नसेल तर सुईण. हजार कप चहा प्यायलो असू. एका आजीनं लेकाची तारीख सांगायच्या आधी अण्णांनाच तासभर झापलं, कारण तो लेक तिला भेटायला येत नव्हता. अण्णा खाली मान घालून ऐकत होते.

दसरा तोंडावर आला तेव्हा एकच कार्ड उरलं होतं, अण्णांचं स्वतःचं. रजिस्टरात कोणीतरी पूर्वीच एक जून टाकला होता. त्या हिशेबानं त्यांची अजून चार वर्षं होती. मी म्हटलं, "हे तर तयारच आहे, भोकं मारून टाकते."

"थांबा. मंगळवारी मारा."

मंगळवारी ते आले ते रात्रीच्या प्रवासानं चुरगळलेल्या कपड्यांत. माळशिरसला जाऊन आले होते. पोरवयात मेंढरं सोडून पळाले तेव्हा बापानं पुन्हा तोंड दाखवू नको म्हणून बजावलं होतं. बाप वारला, तरी अण्णा तिकडं फिरकले नव्हते. आई भावाकडे होती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी पंचांगाशी जुळवलेल्या तारखेची चिठ्ठी पुढे ठेवली. मी तारीख वाचली आणि बोटांवर वर्षं मोजली. या दिवाळीत साठ पूर्ण!

"अण्णा, जुनीच मारते. कोणाला कळणारसुद्धा नाही." मी अगदी काकुळतीला आले. ऑफिस सुटलं तर या माणसानं जायचं कुठे?

"न्हाय ताई. मला वाटायचं, म्हातारी मला इसरली असंल. तिनं समदं सांगितलं. कार्तिक, नीरेच्या काठाला पाल टाकल्यालं, थंडी कसली, नाळ कुनी कापली. माजा हात धरून दोन तास सांगत हुती. आता तिचं बोलनं कसं खोटं पाडू? मारा."

मी सहा आकडे मारले. चूक एकही झाली नाही.

अण्णांनी कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं. मग संकोचत विचारलं, "तिनं येळ बी सांगितली. पहाट, मेंढरं उठायच्या आदी. त्याला खण हाय का?"

खण नव्हता. मी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि कार्डाच्या वरच्या कोऱ्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'पहाट, मेंढरं उठायच्या आधी'.

यंत्राला पेन्सिल वाचता येत नाही. अण्णांनी मात्र ते दोनदा वाचलं आणि कार्ड गठ्ठ्यात ठेवायला माझ्याकडे दिलं.