हिरवी, चंदेरी आणि दोरी

"यापुढे ही गाडी एकदा जरी दुसऱ्या गाडीच्या मागे दोरीला बांधून आली," डॉक्टरांची बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "तर घरात घ्यायची नाही. तशीच पुढे विकायला न्यायची. मला शब्द द्या."

डॉक्टर दातांचे असल्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं असताना मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मुकाट्याने शब्द दिला.

गाडी हिरवी होती, जुनी होती आणि अस्सल विलायती होती. ब्रिटिशांनी अशा गाड्यांना ग्रँड टूरर असं भारदस्त नाव दिलं आहे. सकाळी एका देशातून निघावं आणि कोटाला सुरकुतीही न पडता तिसऱ्या देशात जेवायला पोचावं, यासाठी त्या बनवलेल्या असतात. डॉक्टरांची हिरवी घरातून दवाखान्यात जात असे आणि दवाखान्यातून बहुतेक वेळा गॅरेजात. पण तिची ती कातडी आसनं, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आणि ते लांबच लांब नाक पाहिलं की डॉक्टरांना सगळ्याचा विसर पडायचा. बायकोला पडत नसे, कारण गाडी ढकलायला उतरायची वेळ तिच्यावर यायची.

खरं सांगायचं तर नुसत्या गाडीने डॉक्टर एवढे सुखी झाले नसते. त्यांच्या सुखाचं दुसरं कारण होते त्यांचे थोरले साडू. साडूंचं टाइल्सचं मोठं दुकान होतं आणि त्यांच्याकडेही तशीच ग्रँड टूरर होती, फक्त दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची आणि चंदेरी. दर रविवारी सकाळी एकाने दुसऱ्याला फोन करायचा आणि आपली गाडी कशी सरस आहे ते पटवायचं, हा दोघांचा जुना नेम. चंदेरीचं इंजिन जास्त ताकदीचं, तर हिरवीचं जास्त मुलायम. चंदेरीचं दार कसं बंद होतं ते साडूंनी एकदा फोनवर ऐकवलं होतं. उत्तरादाखल डॉक्टरांनी हिरवीचं घड्याळ ऐकवलं.

अशाच एका रविवारी साडू म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात सासऱ्यांकडे जेवायला जायचंच आहे. तुम्ही माझी चालवा, मी तुमची चालवतो. जेवताना दोघांनी प्रामाणिकपणे काय ते सांगायचं. कायमचा निकाल लागेल."

सासऱ्यांचं घर डोंगरावर, रस्ता चढाचा. साडूंच्या हातात हिरवी बंद पडली, की दोरी. दोरी आली, की गाडी गेली. पण नको म्हणावं, तर साडूंनी तोच निकाल समजला असता.

"आनंदाने," डॉक्टर म्हणाले.

हिरवीची एक खोड होती. इंजिन तापल्यावर बंद केलं, की ती पुन्हा सुरू होत नसे. डॅशबोर्डच्या डावीकडच्या कप्प्यामागे कुठलीशी तार सैल होती. किल्ली फिरवताना डाव्या सीटवरच्या माणसाने त्या कप्प्याला खालून गुडघ्याने ठोसा दिला, तरच बाईसाहेब जाग्या होत. गेली कित्येक वर्षं हा गुडघा डॉक्टरांच्या बायकोचा होता. पण ही गोष्ट साडूंना सांगणं म्हणजे त्यांच्या हाती जन्मभराचं कोलीत देणं.

म्हणून निघायच्या दिवशी किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, "वाटेत इंजिन बंद करू नका. हे इंजिन अखंड ऐकण्यात खरी मजा आहे."

"तुम्हीही काच खालीच ठेवा," साडू म्हणाले. "माझ्या इंजिनाचा आवाज काचेआडून ऐकायचा नसतो. आणि काट्यांकडे बघत बसू नका. अशा गाडीत माणसाने समोर बघावं."

दोघांनाही वाटलं, काय फुशारकी मारतोय. आणि दोघांनीही ऐकलेलं तिथेच सोडून दिलं.

बायका आपापल्या ओळखीच्या सीटवर बसल्या. डॉक्टरांची बायको हिरवीत साडूंच्या शेजारी, आणि तिची ताई चंदेरीत डॉक्टरांच्या शेजारी. गाडीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, अशी ताकीद दोघींना आपापल्या नवऱ्यांनी दिली होती. हिरवी पुढे निघून गेली.

चंदेरी छान चालत होती. ती इतकी छान चालावी हे डॉक्टरांना बरंच खटकलं. पुढे एक मातीचा ट्रक आला आणि धुरळा नाकातोंडात जाऊ लागला, तेव्हा त्यांनी काच वर केली. ताईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"काही म्हणालात, ताई?"

"छे. मी कुठे काय म्हणतेय."

शेवटचा चढ लागला आणि चंदेरी दोनदा शिंकून थांबली. डॉक्टरांनी पेट्रोलचा काटा पाहिला. टाकी अर्धी भरलेली होती. त्यांनी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मग त्यांच्या मनात लाडू फुटू लागले. चंदेरी बंद पडली होती. तीही भर चढावर. चेहरा शक्य तितका दुःखी ठेवून त्यांनी उतरायला दार ढकललं. दार उघडेना. काच खाली करायला गेले, तर काचही येईना.

"ताई, हे दार..."

"मला काही सांगायची बंदी आहे," ताई म्हणाल्या.

"सांगू नका. उघडा."

ताई आपल्या बाजूने उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि त्यांनी बाहेरून दार उघडलं. "बाहेरून उघडतं," त्या म्हणाल्या. "आतून नाही. आणि काच एकदा वर गेली की खाली येत नाही. म्हणून ती खालीच ठेवायची, हात बाहेर काढून उघडायचं. आणि तो काटा आम्ही गाडी घेतली तेव्हापासून अर्ध्यावरच आहे. आता सगळं सांगूनच टाकलं."

डॉक्टरांनी बायकोला फोन लावला. विजयाची बातमी द्यायची होती, पण आधी धाकधूक वाटत होती.

"आपली कशी आहे?"

"मजेत आहे. मी चालवतेय."

"तू? आणि साडूभाऊ?"

"भाऊजींनी देखावा बघायला गाडी थांबवली आणि बंद केली. मग होईना सुरू. मी शब्द पाळून गप्प बसले होते, पण ते बॉनेट उघडून आत वाकले आणि त्यांच्या शर्टाकडे बघवेना. शेवटी म्हटलं, सरका, मी चालवते, तुम्ही गुडघा मारा. चांगला मारतात हो."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघ्याची गोष्ट फुटली होती. तरी हिरवी आपल्या पायांवर चालत होती, एवढं समाधान होतं.

त्यांनी चंदेरी बंद पडल्याचं सांगितलं, तशी हिरवी वळून परत आली. साडू उतरले. त्यांच्या शर्टावर ग्रीसचा पंजा उमटला होता.

"पेट्रोल संपलंय," डॉक्टर गोड आवाजात म्हणाले.

"शक्यच नाही. काटा बघा."

"बघितला. ताईंनी त्याचा इतिहासही सांगितला."

पेट्रोल पंप खाली राहिला होता आणि सासऱ्यांचं घर दोन वळणांवर होतं. डॉक्टरांच्या बायकोने डिकीतून दोरी काढली. ती काढताच साडूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोरी नको," ते म्हणाले. "आपण ढकलू. हे काय, आलंच घर."

"चढ आहे, भाऊजी," असं म्हणून तिने गाठ मारली.

सासरे फाटकात उभे होते. त्यांची स्वतःची लहानशी गाडी शेडमध्ये होती. ती कधी बंद पडत नसे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायलाही कधी कोणाला काही सापडत नसे. पुढे हिरवी आणि मागे दोरीला चंदेरी, अशी मिरवणूक पाहून ते नुसतं "या" म्हणाले.

ताई अंगणातच साडूंसमोर उभ्या राहिल्या. "दोरीने आली. शब्द दिला होतात ना? उद्या गिऱ्हाईक बघायचं."

डॉक्टरांनी चमकून बायकोकडे पाहिलं.

"आम्ही दोघींनी मिळूनच ठरवलं होतं," ती म्हणाली.

साडू चंदेरीच्या टपावरची धूळ रुमालाने पुसत राहिले. डॉक्टर जिंकले होते. आता रविवारी सकाळी उठून साडूंना फोन करायचा आणि... आणि काय बोलायचं? हिरवीचं इंजिन मुलायम, ते कोणापेक्षा? शेडमधल्या त्या लहान गाडीपेक्षा? डॉक्टरांना एकदम फार वाईट वाटलं, साडूंबद्दल आणि त्याहून जास्त स्वतःबद्दल.

"ताई," ते म्हणाले, "चूक माझी आहे. निघताना पेट्रोल भरून घ्या असं साडूभाऊंनी मला बजावलं होतं. मी विसरलो. गाडीचा काही दोष नाही."

साडूंचा रुमाल थांबला.

"खरंच?" ताईंनी विचारलं.

"अगदी. उलट ती..." पुढचे शब्द बाहेर येताना डॉक्टरांना आपल्या पेशंटांच्या यातना पहिल्यांदाच नीट कळल्या. "उलट चढाला ती आमच्या हिरवीपेक्षा बरी वाटली."

ताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "ठीक आहे. या वेळेपुरतं सोडते. पण किल्ली माझ्याकडे राहील."

साडूंचे डोळे भरून आले. आता ते आपल्याला मिठी मारणार असं डॉक्टरांना वाटलं.

"ऐकलंत सगळ्यांनी?" साडू म्हणाले. "चढाला! मी गेली किती वर्षं हेच सांगतोय."

जेवण होईपर्यंत त्यांनी ते आणखी चार वेळा सांगितलं. सासऱ्यांच्या गाडीतून पेट्रोल काढून चंदेरीत घातलं, तेव्हाही सांगितलं. डॉक्टर दात आवळून हसत राहिले.

परत निघताना ते हिरवीच्या उजव्या दाराशी गेले. तिथे बायको आधीच बसली होती.

"किल्ली?"

"माझ्याकडे. तिकडून बसा. आणि गुडघा तयार ठेवा."

डॉक्टर डावीकडे बसले. बायकोने किल्ली फिरवली, त्यांनी गुडघा मारला आणि हिरवी पहिल्याच ठोशाला सुरू झाली. उतार लागला, तशी ती गुणगुणायला लागली. हातात स्टिअरिंग नसलं, नजर रस्त्यावर ठेवायची नसली की तिचा आवाज किती भरून येतो, हे डॉक्टरांना इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. त्यांना राहवेना. त्यांनी फोन काढला.

"साडूभाऊ, एक सांगू? आमच्या गाडीचा आवाज डाव्या सीटवरून काय अप्रतिम येतो. तुमच्या गाडीत येईल का असा?"



"थांबा जरा," साडू हळूच म्हणाले, "मीही डावीकडेच बसलोय. ऐकून सांगतो."