मुसंडीरावांची लांब गाडी

मुलांनो, शेपट्या आवरून बसा. आज गाडीची गोष्ट आहे. गाडीची गोष्ट सुरू झाली की मोठी माणसं मध्येच आपापली मतं सांगू लागतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

एका जंगलात, जिथे वाघाने राज्य करायचं सोडून बरीच वर्षं झाली होती आणि जो तो हप्त्यावर गाडी घेऊन हिंडत होता, तिथे मुसंडीराव नावाचे एक रानडुक्कर राहत होते. त्यांचं घर ओढ्याकाठी, जंगलातल्या सगळ्यात खोलगट जागी. चिखल उत्तम. शेजार बरा. घरात बायको सुंदराबाई आणि पिल्लं. पिल्लं किती, हे मुसंडीरावांना विचारायचं नाही. ते मोजायला बसले की एखादं हलतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुंदराबाईंचं माहेर घाटावर, मोहाच्या झाडांत. लग्न होऊन आल्यापासून त्या तिकडे गेल्या नव्हत्या. कुठल्याही गाडीत सगळी पिल्लं मावत नव्हती, आणि एकाही पिल्लाला मागे ठेवायला त्या तयार नव्हत्या. चालत जाऊ म्हटलं, तर त्यांची धाकटी बहीण मोटारीतून येते. मोह फुलला की वाऱ्यावर वास यायचा, आणि सुंदराबाई ओढ्याकडे तोंड करून मुसमुसायच्या. मुसंडीरावांना ते बघवत नसे.

शेवटी त्यांनी ठरवलं, की लांब पाठीची जुनी गाडी घ्यायची. म्हणजे जिला मागे डिकी नसते, चांगली ऐसपैस ओसरी असते, अशी.

“घाट चढली म्हणजे झालं,” सुंदराबाई म्हणाल्या.

एवढं सोपं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण मुसंडीरावांनी पाणवठ्यावर सहज विचारलं, की इंजिन पेट्रोलचं घ्यावं का डिझेलचं. दुपारपर्यंत पाणवठ्याचे दोन पाणवठे झाले. वानर म्हणाले, घाटात ओढायचं तर डिझेलच. भेकरं म्हणाली, डिझेलच्या धडधडीने पोटातलं गवत वर येतं, पेट्रोलच घ्या. एका वानराने एका भेकराशी ठरलेली सोयरीक मोडली. त्या दोघांकडेही गाडी नव्हती. ज्याच्याकडे गाडी होती तो गवा गप्प बसला होता, म्हणून त्याला काही कळत नाही असं सर्वानुमते ठरलं.

गाडी विकायला होती खिदळशेठ तरसाकडे, टेकडीच्या माथ्यावर. ती पाहायला जायचं म्हणजे बरोबर काटेमामा हवेतच. काटेमामा साळिंदर. जंगलातली झाडून सगळी लग्नं त्यांनी जुळवलेली. मुसंडीरावांचंही त्यांनीच जुळवलेलं. तेव्हा मामांनी दोन दिवस दोन्ही घराण्यांची चौकशी केली होती. सुंदराबाईंनी काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी करवंदीच्या जाळीआडून फक्त एवढं पाहिलं होतं, की हा मुलगा एका कंदासाठी सागाचा बुंधा मुळासकट उलथवतो. मग त्या हो म्हणाल्या होत्या.

तर मंडळी टेकडीवर गेली. गाडी झाडाखाली, मान खाली घालून उभी होती. पोहे आले. मामांनी चौकशीला सुरुवात केली. कोणत्या घरातली? आधी किती घरी नांदली? तिथून निघायचं कारण?

खिदळशेठ खिदळत म्हणाले, की एकाच घरात नांदली हो, सोवळं पाळणाऱ्या बगळ्यांकडे. देवळात जायची आणि घरी यायची. घाटावरचीच आहे, खारा वारा तिला माहीत नाही.

तेवढ्यात पुढच्या चाकामागून एक खेकडा बाहेर आला.

“नमस्कार,” खेकडा म्हणाला. “आम्ही समुद्राकाठचे. ही गाडी पुष्कळ पावसाळे खाडीत उभी होती. इंजिन मालकांनी काढून होडीला लावलं. त्या जागेत सध्या आम्ही बिऱ्हाड केलंय.”

सगळे मामांकडे पाहू लागले. मामांनी काटे सारखे केले आणि खेकड्याला जरा चालून दाखवायला सांगितलं. खेकडा चालला.

“आडव्या चालीचा आहे,” मामा म्हणाले. “याचं काही धरायचं नाही.”

मुसंडीराव हळूच म्हणाले, की एकदा बॉनेट उघडून बघितलं असतं. मामांनी त्यांना कोपराने ढोसलं, आणि साळिंदराचं कोपर लागलं की माणूस पुन्हा बोलत नाही. चारचौघांत बॉनेट उघडायला लावायचं म्हणजे नवऱ्या मुलीला दात दाखव म्हणण्यासारखं, असं मामांचं मत पडलं.

मग चालवून पाहणं झालं. टेकडीवरून थेट ओढ्यापर्यंत, मुसंडीरावांच्या दारात. खिदळशेठनी ब्रेक सोडला आणि गाडी निघाली. वारा कानात शिरला, पिल्लं टाळ्या पिटत मागून धावली. काय गाडी पळाली म्हणून सांगू. आणि आवाज तर अजिबात नाही.

“इतकं शांत? पेट्रोलच,” भेकरं म्हणाली.

“इंधनाचा काटा जरासुद्धा हलला नाही,” वानर म्हणाले. “असं अॅव्हरेज डिझेलशिवाय मिळत नाही.”

दोन्ही बाजू जिंकल्या. वानर आणि भेकरं गळ्यात गळे घालून नाचली आणि मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली. गवा तेवढा काहीतरी बोलायला आला होता, त्याला कोणीतरी सौद्याचा पेढा भरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाई ठेवणीतला चिखल लावून गाडीत बसल्या. मागच्या ओसरीत सगळी पिल्लं मावली. सगळी. सुंदराबाईंनी पुन्हा पुन्हा मागे वळून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मुसंडीरावांनी किल्ली फिरवली. गाडी कालच्याइतकीच शांत होती, फक्त हलत नव्हती.

शेवटी बॉनेट उघडलं. आत खेकडीण पोरांना भरवत होती. तिने चहा घेणार का विचारलं.

मुसंडीराव मामांकडे धावले. दिलेली परत पाठवणं आपल्यात बसत नाही, मामा म्हणाले, आणि झोपले. मुसंडीराव खाली मान घालून परत आले.

“उतरा,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”

सुंदराबाई उतरल्या नाहीत. त्यांनी काच खाली केली.

“अहो, मी गाडीतूनच जाणार. सगळी पोरं घेऊन, बहिणीच्या देखत उतरणार.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही जरा मागे जाता का?”

मुसंडीराव मागे गेले. नाक जमिनीला लावलं, आणि मुलांनो, त्यांनी अशी मुसंडी मारली, की आतल्या खेकडिणीचा चहा सांडला. गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. पिल्लं मागच्या काचेतून ओरडून बाबांना वेग कमी करायला सांगत होती. वाटेत चढाला दम खात उभ्या असलेल्या दोन डिझेलवाल्यांना आणि एका पेट्रोलवाल्याला त्यांनी मागे टाकलं.

माहेरी सगळे मोहाखाली जमले होते. सुंदराबाई दार उघडून ऐटीत उतरल्या. मग पिल्लं उतरू लागली, ती बराच वेळ उतरतच राहिली. सासूबाईंना जावयाचं कौतुक वाटलं, इतका मोठा माणूस, पण बायकोच्या गाडीमागून चालत आला. धाकटी बहीण आपल्या मोटारीत किती पिल्लं मावतील ते मोजू लागली.

भावाने गाडीभोवती फेरी मारली. “ताई, चढाला एवढी शांत? इंजिन कोणतं गं?”

मुसंडीराव झाडाखाली चारी पाय पसरून पडले होते. जीभ बाहेर, अंगातून वाफ निघत होती. सुंदराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

“जुनंच आहे रे,” त्या म्हणाल्या. “पण मी स्वतः जाळीआडून बघून घेतलं होतं.”

तात्पर्य: जुनी गाडी घेताना इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं, यावर डोकं शिणवू नये. गाडी कोणतीही चालते. नवरा मात्र घाट चढणारा बघून घ्यावा.