धाकटीच्या खुर्चीचा तपास

मी एकदा मनावर घेतलं ना, की चोर पाताळात लपला तरी सुटत नाही! हसू नका. डिजिटल फॉरेन्सिक्सचे व्हिडिओ मी बघितलेत, जवळजवळ सगळे. कोणी कुठली फाइल कधी उघडली, कुठे पाठवली, काय पुसलं, सगळं कंप्यूटरच्या पोटात राहतं म्हणे. फक्त ते बाहेर काढणारा माणूस हवा. आमच्या फर्निचरच्या कारखान्यात प्रिंटर अडकला की सगळे मलाच हाका मारतात, तेव्हा तो माणूस मीच, याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती.

तर झालं असं. आमच्या डिझाइन विभागात माझी मेहुणी होती. हो, होती. बायकोची लहान बहीण, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणतात. वर्षभर खपून तिने एक खुर्ची काढली. पाठ पुढे ओढली की खुर्चीची शिडी! आणि आमची खुर्ची बाजारात येण्याआधीच समोरच्या दुकानात हुबेहूब तशीच खुर्ची उभी, दुसऱ्याच कंपनीच्या नावाने!

साहेबांचं डोकंच फिरलं.

"बैठकीत वाटलेले आराखड्याचे कागद मी स्वतः मशीनमध्ये घालून कापले," ते धाकटीला म्हणाले. "मग आराखडा राहिला फक्त तुझ्या कंप्यूटरवर. सोमवारी बाहेरून तपासनीस येतायत. तोवर त्या कंप्यूटरला कोणी हात लावायचा नाही. तुझ्याकडे बोट गेलं, तर नोकरी विसर!"

पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी तिला बाजूला घेतलं.

"घाबरू नकोस गं. सोमवार कशाला? मी आहे ना!"

"भावोजी, पाया पडते, हात लावू नका. मी एक गोष्ट करून ठेवलीये. ती थेट त्यांनाच दाखवणार आहे."

"मला सांग की!"

"तुम्हाला सांगितलं की ताईला कळतं. ताईला कळलं की अख्ख्या बिल्डिंगला कळतं."

हे मला लागलं. पण तुम्हीच सांगा, घरची पोर संकटात असताना हातावर हात धरून बसायचं? शनिवारी दुपारी सगळे घरी गेल्यावर मी तिचा कंप्यूटर चालू केला. एकेक करून सगळ्या फाइली उघडल्या. खुर्चीचा आराखडा पुरावा म्हणून माझ्या पेन ड्राइव्हवर घेतला. पेन ड्राइव्ह हरवला तर काय, म्हणून स्वतःला ईमेलही केला. काम कसं चोख!

एकच खटकलं. तोच आराखडा तिथे चार-चारदा! तीच खुर्ची, तेच पाय. पोरगी हुशार, पण पसारा फार! पेन ड्राइव्हमध्ये साफसफाईचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. त्याने विचारलं, "सारख्या दिसणाऱ्या फाइली काढून टाकू?" टाक! "पुन्हा कधीच सापडणार नाहीत अशा?" अरे वा, टाक टाक! एक ठेवून त्याने बाकीच्या उडवल्या. जाता जाता मी कीबोर्डही ओल्या फडक्याने पुसला. पाहुणे येणार होते ना!

सोमवारी तपासनीस बाई आल्या. तासभर कंप्यूटर तपासला. मग चष्मा काढला.

"शनिवारी दुपारी इथे कोणीतरी बसलं होतं. सगळ्या फाइली उघडल्या, आराखडा पळवला, ईमेल केला आणि मग पुरावा पुसला. कीबोर्डवरचे ठसेसुद्धा ठेवले नाहीत. सराईत आहे!"

"कोण तो चोर?" साहेब गरजले.

बाईंनी ईमेलचा पत्ता वाचला. त्यात माझं नाव, आडनाव आणि जन्मसालही होतं.

"साहेब, मी तपास करत होतो हो!"

"आधी कंप्यूटरची जशीच्या तशी नक्कल काढतात आणि तपास नकलेवर करतात," बाई म्हणाल्या. "पहिला धडाच आहे तो."

पहिला व्हिडिओ मी सोडला होता. त्याचं नाव 'प्रस्तावना' होतं.

धाकटी मात्र पडद्याकडे बघत होती. "भावोजी, बाकीचे तीन आराखडे कुठे गेले?"

"पसारा होता गं. काढला."

मग तिने सांगितलं. बैठकीला तिने चौघांना कागद दिले होते: साहेब, विक्रीवाले, मिस्त्री आणि मी. प्रत्येकाच्या आराखड्यात स्क्रूचं एक बिनकामाचं भोक, पण प्रत्येकाचं वेगळ्या जागी! चोराने आंधळेपणाने नक्कल केली, तर भोकासकट करणार. दुकानातल्या खुर्चीला ते भोक डाव्या हाताखाली होतं. ते कोणाच्या कागदावर होतं, एवढंच दाखवायचं बाकी होतं.

"कोणाच्या?" साहेबांनी विचारलं.

"आता मी नुसतं नाव घेतलं, तर मानाल?"

विक्रीवाले उगाचच खोकले. "सरळ आहे साहेब! मेहुणीला वाचवायला भावोजींनी पुरावा पुसला!"

मी घसा फोडून सांगितलं, शपथा घेतल्या. जितकं बोलावं तितकी धाकटी आणखी गाळात! बाईंनी उरलेली फाइल तपासली. तिच्यात भोक पाठीमागे होतं आणि कोपऱ्यात लिहिलं होतं, 'भावोजी'.

दुपारच्या आत धाकटीची नोकरी गेली. मला बाईंच्या अहवालाची प्रत मिळाली. अख्ख्या कारखान्यात निर्दोष असल्याचा पक्का पुरावा एकाच माणसाचा निघाला. माझा! बायकोने तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. कौतुकाने नव्हे.

धाकटी अजून काम शोधतेय. आधीचं का सोडलं, असं जो तो विचारतो. रविवारी आमच्याकडे येते, हसून बोलते. एकदा कडकडून भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. परवा नोकरीचा अर्ज भरता भरता तिचा लॅपटॉप अडकला. सवयीने मी उठलो.

तिने लॅपटॉप पटकन मांडीवर ओढून घेतला.

"बसा भावोजी," ती अगदी प्रेमाने म्हणाली. "मी बघते."

बसलो. दोन्ही हात मांडीखाली घालून.