कायम नोकरीतला हात

आमच्या ऑफिसात एक हात नोकरीला आहे. नुसता हात, उजवा, मनगटापर्यंतचा.

आमची कंपनी ओहायोतल्या एका गावाबाहेर आहे आणि इस्पितळांना लागणारी सॉफ्टवेअर बनवते. निम्म्याहून जास्त लोक भारतातले, त्यांत मराठी भरपूर. काही वर्षांपूर्वी कंपनीने दुसरी एक लहान कंपनी विकत घेतली. तिथल्या खुर्च्या, कॉफीचं यंत्र आणि माणसं इकडे आली, त्यांच्याबरोबर हा हातही आला. मी मनुष्यबळ विभागात असल्यामुळे त्याची कागदपत्रं मीच केली. अडचण आली ती फक्त दातांच्या विम्याची. वकिलांचं म्हणणं पडलं की सगळ्यांना देतो तर त्यालाही द्यायला हवा, शरीर कमी आहे म्हणून कुणाला कमी देता येत नाही. त्यामुळे हाताला दातांचा विमा आहे. त्याने तो अजून वापरलेला नाही.

हात गव्हाळ आहे. नखं स्वच्छ, बोटात अंगठी नाही. मनगटाशी पांढऱ्या शर्टाची बाही सुरू होते आणि तिथेच संपते. त्या बाहीत डोकावायचं नाही असा काही नियम नाही, पण कुणी डोकावत नाही. मी एकदा पाहिलं. आत अंधार होता, आणि मनगटाच्या मानाने तो फार खोल होता. नंतर मी जेवायला गेले.

त्याचं काम एकच. भारतातून आलेला नवा माणूस पहिल्या दिवशी स्वागतकक्षात उभा राहिला की हात मागून येतो आणि त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारतो. मग पाठीवरून तिरका खाली सरकतो, सावकाश. ज्याची मुंज झालेली असते आणि जो जानवं घालतो, त्याचं सूत शर्टावरूनही बोटांना लागतं. लागलं तर हात आणखी दोनदा थोपटतो. नाही लागलं तर टेबलावर येतो, कागदी रुमाल ओढतो आणि स्वतःला पुसतो. कुणी काही बोलत नाही. पण त्या दिवसापासून कोण कुठल्या टेबलावर जेवेल हे सांगावं लागत नाही. सुरुवातीला तो अमेरिकन माणसांकडे फिरकत नसे, आणि बायकांच्याही पाठीला लागत नसे. बायकांना माहेरचं आडनाव विचारायला माणसं होतीच.

प्रफुल्ल इंगळे आला त्या दिवशी मी तिथेच होते. मूळचा अकोटचा, इथेच एम. एस. केलेला, हसरा गडी. इंगळे म्हटल्यावर आमच्या लोकांना धड काही उलगडा होईना. हे आडनाव चार ठिकाणी असतं. गाव विचारून झालं, मटण खातोस का विचारून झालं. मग हात गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ त्याने शोधलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. मग टेबलावर येऊन रुमाल घेतला, आणि एक पुरला नाही म्हणून दुसरा घेतला. इंगळेने ते पाहिलं. तो मला म्हणाला, "मॅडम, बॅज कुठून घ्यायचा?"

काम त्याने उत्तम केलं. इस्पितळात रात्री-अपरात्री यंत्रणा बंद पडली की त्यालाच फोन जायचा. त्याची बायको करुणा तोवर माझ्या ओळखीची झाली, आणि मुलगी ओजस्वी तर माझ्याच घरी खेळून मोठी झाली म्हणायला हरकत नाही. ती आता दुसरीत आहे. बढतीची वेळ आली तेव्हा त्या तिघांचं सगळं बढतीवर येऊन ठेपलं होतं. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनी टीम लीड आणि त्यावरच्यांसाठीच करते, आणि इंगळेच्या व्हिसाची तीनेक वर्षंच उरली होती. तोवर बढती मिळाली तर राहायचं. नाही मिळाली तर मुलीला शाळेतून काढायचं आणि बिऱ्हाड उचलायचं.

बढतीच्या समितीत तीन माणसं असतात आणि हात असतो. मुलाखतीआधी तो उमेदवाराची पाठ बघतो. समाधान झालं तर मतदानाच्या वेळी टेबलावर उभा राहतो. नाहीतर रुमाल घेतो. तिघांना आपापलं मत असतं, पण ते नेहमी हाताच्या मागून जातं. पहिल्या वर्षी इंगळेच्या वेळी रुमाल घेतला गेला. दुसऱ्या वर्षीही. तेव्हा इंगळे माझ्या खोलीत आला आणि दार लावून बसला.

"मॅडम, मराठीत बोललं तं चालते ना?"

"बोल की."

"मले कोणाची नोकरी खायची नाही. त्या हाताचीही नाही. फक्त माह्या पाठीवर तो नको. ठेवला का थंडी भरते, अन् ती घरी गेल्यावरही जात नाही. पोरगी गळ्यात पडते तं म्हणते, पप्पा, तुमची पाठ ओली आहे."

मी तक्रार नोंदवून घेतली आणि मुख्य कार्यालयात पाठवली. तिथून समान संधी विभागाच्या लोरेन पेटीफर्ड आल्या. साठीच्या, काळ्या, उंच बाई, बोलणं मोजकं. त्यांनी आधी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितलं. हात कुणाचा तरी असणार, ज्याचा कमी भरेल त्याचा तो, असा साधा हिशेब होता. सगळ्यांचे दोन दोन भरले.

मग त्यांनी हातालाच विचारलं, "तू कुणाचा आहेस?"

हात टेबलाच्या मधोमध आला. तर्जनी उचलून त्याने पहिल्या खुर्चीकडे दाखवलं. मग दुसऱ्या. असं करत तो सगळ्या खोलीभर फिरला, माझ्याकडेही बोट करून गेला. इंगळेची खुर्ची आली तेव्हा ती त्याने ओलांडली. कुणीतरी खोकलं. वातानुकूलन चालू असूनही आमचे विभागप्रमुख हेमंत आठल्ये कपाळ पुसत होते. आठल्ये माणूस सभ्य. गणपतीला सगळ्यांना घरी बोलावतात, कुणाला कमी-जास्त वाढत नाहीत.

जाताना पेटीफर्डबाई माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आल्या. म्हणाल्या, "माझी आई गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली तेव्हा दारात तिला अडवायला माणसं उभी होती. हात, पाय, तोंड, सगळ्यांसकट. त्यांना नावं होती. कोर्टात बोलावता येत होतं." गाडीचं दार उघडत म्हणाल्या, "मी याला काढा म्हणून लिहिणार आहे. पण वकील काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय."

वकील तेच म्हणाले. हाताला काढता येत नाही, कारण त्याला शरीर नाही आणि शरीर नसणं हे काढण्याचं कारण होऊ शकत नाही. दोष हाताचा नसून पद्धतीचा आहे. काहींची पाठ बघितली जाते आणि काहींची नाही, ही विषमता. तेव्हा इथून पुढे सर्वांची पाठ बघितली जावी. स्त्री, पुरुष, कुठल्याही देशाचे, कुठल्याही हुद्द्याचे. सारख्याच वेळा आणि सारख्याच दाबाने. यालाच आमच्याकडे रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, पण परिपत्रक काढणं माझं काम होतं आणि मी ते काढलं.

दुसऱ्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले. हाताला बायकांच्या पाठीची सवय नव्हती. सुरुवातीला तो अडखळला, मग शिकला. माझी पाळी आली. खरं सांगते, तो गार असणार एवढंच मी आधी धरून ठेवलं होतं, पण तो गार नव्हता. ओळखीचा होता. लहानपणी कुणाकुणाच्या घरी पाणी मागितल्यावर जे हात पुढे आले, मागे गेले, ते सगळे त्यात होते. त्याने माझ्यानंतर रुमाल घेतला तेव्हा मला रागच आला. आणि रागाच्याही आधी मी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी पाहिलं तर नाही ना. त्या बघण्याचा राग मला अजून येतो.

मग आठल्ये. त्यांनी इथे आल्यावर व्यायामशाळेत अडकतं म्हणून जानवं काढून ठेवलेलं होतं. हात त्यांच्या पाठीवरून वरखाली फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग रुमालाकडे गेला. आठल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, माझी मुंज झालेली आहे," ते हाताला म्हणाले. "आईचे दागिने मोडून केलेली आहे." हाताने स्वतःला नीट पुसून घेतलं.

सोमवारी आठल्ये जानवं घालून आले. मंगळवारी आणखी सहा-सातजण. आमच्या गावात भारतीय किराण्याचं एकच दुकान आहे. तिथे कापूर-उदबत्तीशेजारी जानव्यांची पुडकी असतात, ती आठवड्यात संपली. हिशेब विभागाचा कर्ट, जो दर रविवारी चर्चमध्ये गातो, त्यानेही एक आणून शर्टाखाली घातलं आणि हाताने त्याला दोनदा थोपटलं. हाताला सूत कळे. माणूस कळत नसे. पुढे बायकांनीही घातली. मी नाही घातलं, पण मला बढती नको होती, त्यामुळे त्यात माझा काही मोठेपणा नाही. महिन्याभरात साऱ्या ऑफिसात जानव्याशिवायचे आम्ही दोघंच राहिलो, इंगळे आणि मी.

इंगळेची ही तिसरी वेळ, आणि व्हिसाच्या मुदतीतली शेवटची. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आठल्ये त्याच्या टेबलाशी आले. हातात पुडकं होतं.

"इंगळे, अहो, एवढ्याशा सुतासाठी काय अडून बसता? एक दिवस घाला, संध्याकाळी काढून ठेवा. मुलीकडे बघा."

"सर, तुम्ही जात मानता का?"

"छे हो. आम्ही घरात कुणीच मानत नाही."

"मीही मानत नाही. मग हे नेमकं कोणासाठी घालू?"

"हातासाठी," आठल्ये म्हणाले. ते मनापासून बोलत होते.

इंगळेने पुडकं परत दिलं. संध्याकाळी करुणाचा मला फोन आला. "ताई, मी बॅगा काढून ठेवल्यात माळ्यावरून," ती म्हणाली. "त्यांनी घातलं असतं तं मी काढाले लावलं असतं. पण ओजूले काय सांगू?"

मुलाखतीला मी नोंदी घ्यायला बसले होते. इंगळे आत आला, खुर्चीशी उभा राहिला. समितीत आठल्ये, कर्ट आणि कोलंबसहून आलेल्या एक संचालकबाई. हात टेबलावरून उतरला आणि नेहमीप्रमाणे मागून निघाला. तो खांद्याशी पोचायच्या आत इंगळे वळला. त्याने आपला उजवा हात पुढे केला आणि त्या हाताशी हस्तांदोलन केलं.

इतक्या वर्षांत त्या हाताला कुणी हातात घेतलेलं नव्हतं. तो सुटायला बघू लागला. आधी हळू, मग मासळी तडफडते तसा. बाहीतून कसलासा वारा आला आणि टेबलावरचे कागदी रुमाल उडाले. इंगळेने मूठ घट्ट केली आणि खुर्चीत बसला.

"विचारा," तो म्हणाला.

त्यांनी विचारलं. त्याने उत्तरं दिली, सगळी बरोबर. मग मतदानाची वेळ आली आणि तिघंही टेबलाच्या रिकाम्या मधल्या जागेकडे बघत बसले. शेवटी कर्ट म्हणाला, "काम तर याचंच सर्वांत चांगलं आहे." हे बोलून तो स्वतःच दचकला. संचालकबाईंनी मान डोलावली. आठल्यांनी फार वेळ घेतला. शर्टावरून खांद्याशी चाचपून ते म्हणाले, "तसं पाहिलं तर, हो. याचंच."

"अभिनंदन," संचालकबाई म्हणाल्या. "आता त्याला सोडलंत तरी चालेल."

इंगळेने हाताकडे पाहिलं. बोटं अजून दाराच्या दिशेला ताणलेली होती. दाराबाहेर पुढचा उमेदवार पाठमोरा उभा होता, काचेतून दिसत होता.

"नाही," इंगळे म्हणाला.

त्याला आता टीम लीड होऊन वर्ष झालं. ग्रीन कार्डाचा अर्ज गेला आहे. तो डाव्या हाताने टाइप करतो, डाव्या हाताने जेवतो. मोटारीत त्याचा पट्टा करुणा लावते. हाताची नेमणूक मी त्याच्या विभागात दाखवली आहे आणि हजेरी दोघांची एकदम लागते. त्याच्या उजव्या हाताची बोटं निळसर झाली आहेत. डॉक्टर म्हणतात, सोडा. तो म्हणतो, बघू. ऑफिसातली जानवी मात्र उतरली नाहीत. लोक म्हणतात, सांगता येत नाही, माणूस आहे, कधी दमेलही.

परवा ओजस्वीच्या शाळेत पालकांसाठी कार्यक्रम होता. मलाही बोलावलं होतं. आम्ही तिघं दुसऱ्या रांगेत बसलो, इंगळे मध्ये. मुलांनी ऋतूंचं नाटुकलं बसवलं होतं. ओजस्वीला मागच्या पडद्यावर कागदाचा सूर्य लावायचा होता. ती आली, आणि आमच्याकडे पाठ करून टाचा उंचावून उभी राहिली.

इंगळेच्या मुठीतला हात हलला. तो फिरला, आणि बोटं मंचाकडे सरळ झाली. इंगळेने दुसराही हात वरून आवळला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. करुणाने ते पाहिलं आणि तिनेही आपले दोन्ही हात वर ठेवले. मी पर्स खाली ठेवली आणि माझेही ठेवले.

सूर्य काही लवकर लागेना. चिकटपट्टी सुटत होती. सगळं सभागृह कौतुकाने हसत होतं, आणि आम्ही तिघं दात आवळून बसलो होतो. शेवटी सूर्य लागला, ओजस्वी समोर वळली आणि टाळ्या सुरू झाल्या. तिने दुसऱ्या रांगेत आम्हाला शोधलं. आमच्यातलं कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं.