डोंगराखालचा उल्कावीर

गफूरभाई पेंटरच्या दुकानात पाय ठेवला, की चहाच्या आधी प्रश्न येतो.

"एक मानूस डोंगराखाली अडकलाय. अंगातली ताकद गेली, बाहेर कुनाला ठाव न्हाई. कसा काढाल?"

तुम्ही बोर्ड रंगवून घ्यायला आलेले असा, नाहीतर नुसता पत्ता विचारायला, सुटका नाही. अर्ध्या लातुरानं या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. पोस्टमन म्हणाला, सुरुंग लावा. समोरचा भेळवाला म्हणाला, पोलीस पाटलाला कळवा. एका पुढाऱ्यांनी डोंगरासमोर उपोषणाला बसायची तयारी दाखवली होती.

गंमत म्हणजे चांगलं उत्तर गफूरभाईंना चालत नाही. कुणी डोकं खाजवून बरंसं काही सांगितलं, की त्यांचं तोंड उतरतं. "कबूल न्हाई. ह्याच्यात चूकच न्हाई काही." उत्तर अगदीच टाकाऊ निघालं तर मात्र गडी खूश. "वा! काय भंगार हाय! परत एकदा सांगा, डोक्यात ठेवतो." मग डोळे मिटून ते उत्तर घोकतात आणि सांगणाऱ्याला वर चहा पाजतात.

मी मूळचा भोकरचा. फिजिक्स शिकवायला लातूरला आलो तेव्हा इथे गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. ज्याच्याकडे एक खोली आणि एक फळा होता तो संचालक झाला होता. प्रत्येक संचालकाला बोर्ड हवा होता आणि प्रत्येक बोर्डावर रॉकेट हवं होतं. गफूरभाईंनी त्या काळात इतकी रॉकेटं काढली की शेवटी शेवटी ते झोपेत हवेत बोट फिरवायचे, असं त्यांच्या घरून कळलं. मीही माझ्या क्लासचा बोर्ड त्यांनाच सांगितला.

बोर्ड आला. रॉकेट फक्कड, शनीची कडी तर हात लावून बघावी अशी. पण खाली कोपऱ्यात, पृथ्वीच्या आडून, एक कान तुटलेली शेळी डोकावत होती. केमिस्ट्री शिकवणारा माझा भागीदार भडकला. "लोक म्हणतील, गुरांच्या दवाखान्याचा क्लास आहे!" मी मात्र त्या शेळीकडे बघतच राहिलो, कारण ती माझ्या ओळखीची होती.

भोकरच्या एसटी स्टँडवर एक पुस्तकांचा गाडा होता. तिथे दर महिन्याला चित्रकथेतला 'उल्कावीर' यायचा. निळा पोशाख, छाती तालमीतल्या पैलवानाची, आणि उडायचा तो थेट ढगांतून. तो राहायचा महानगरात. पण त्या महानगरात रस्तोरस्ती लिंबाची झाडं होती आणि पन्नास मजली इमारतीच्या पायथ्याशी पंक्चर काढून मिळायचं. प्रत्येक अंकात कुठेतरी ही शेळी असायचीच. आम्ही पोरं आधी शेळी शोधायचो, मग गोष्ट वाचायचो. वर्षानुवर्षं ते मासिक निघालं, पण त्यावर नाव असायचं ते फक्त नांदेडच्या प्रकाशकांचं, तेही ठळक अक्षरांत. ते प्रकाशकच रात्रंदिवस बसून चित्रं काढतात, अशी माझी पक्की समजूत होती. मला त्यांची दया यायची.

मी तडक दुकानात गेलो. गफूरभाई शिडीवर होते.

"गफूरभाई, उल्कावीर तुम्ही काढायचात?"

ते हळूहळू खाली उतरले. "शेळी वळखली?"

"वळखली की."

"इतकी वर्सं झाली. तुम्ही पहिले." त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी टर्पेंटाइनच्या नावावर खपवलं. "सही करू द्यायचे न्हाईत ना. मग शेळी सोडली. कान तोडला, म्हंजे कुनी नक्कल करू ने."

"आणि ते दुष्ट लोक? सगळ्यांचे चेहरे सारखेच असायचे."

"ते प्रकाशक," गफूरभाई समाधानानं म्हणाले. "त्यांनी कधी वळखलं न्हाई."

त्या दिवशी मला सगळी हकीकत कळली. गोष्टी लिहायचे व्यंकट मास्तर. औशाच्या पुढे एका खेड्यात ते शाळेवर होते. शब्द मास्तरांचे, चित्रं गफूरभाईंची. पण अंकातलं शेवटचं चित्र मास्तरांनी लिहायचं नाही, असा दोघांचा करार होता. ती जागा गफूरभाईंची. उल्कावीरला जमेल तितक्या वाईट ठिकाणी अडकवून अंक संपवायचा, आणि पुढच्या अंकात मास्तरांनी त्याला सोडवायचं. मास्तर म्हणायचे, "तू अडकव, मी काढतो." एकदा गफूरभाईंनी त्याला गुऱ्हाळातल्या उकळत्या कढईवर उलटा टांगला. मास्तरांनी गुऱ्हाळवाल्याच्या मेव्हणीचं लग्न काढलं, सगळे वरातीला गेले आणि चुलाण विझलं.

"मग मी इरेला पेटलो," गफूरभाई म्हणाले. "आख्खा डोंगरच टाकला त्याच्यावर. म्हटलं, मास्तर, आता काढा बघू. अंक छापून आला, आन् भूकंप झाला."

ते ब्रश धूत राहिले. लातुरात एखाद्याचं वाक्य भूकंपापाशी थांबलं, की पुढे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. मास्तर गेले, असं मी मनात धरून टाकलं.

प्रकाशकांनी दुसरी माणसं धरली. पुढच्या अंकात उल्कावीर राजवाड्यात बसून आरामात चहा पीत होता. "डोंगराचं काय झालं, एक शबुद न्हाई!" हे सांगताना गफूरभाईंचा आवाज अजूनही चढतो. मासिक नंतर लवकरच बंद पडलं. गफूरभाई मात्र डोंगरापाशीच राहिले.

आता मी फिजिक्सचा माणूस. मी तरफ लावली. टेकू कुठे द्यायचा, बल किती लागेल, घर्षणाचं काय करायचं, हे सगळं त्यांच्याच एका कोऱ्या बोर्डावर मांडून दाखवलं. गफूरभाई आधी चकित झाले, मग हरखले.

"सर, असलं भंगार आजवर कुनी आनलं न्हाई! पन हे डोक्यात राहीना. तुम्हीच चला."

"कुठे?"

"चला तर खरं."

रविवारची टेस्ट आटोपून आम्ही एसटीनं निघालो. उतरलो ते पुनर्वसनाच्या गावात. आखल्यासारखे सरळ रस्ते, सगळी घरं एकाच मापाची. एका घराच्या ओसरीत बाजेवर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ भिंतीला न टेकता बसले होते. गफूरभाईंनी वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

"मास्तर, हे लातूरचे सर. काढतो म्हनतेत उल्कावीरला."

मी गारच पडलो. मास्तर जिवंत होते. त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं. मी खिशातला खडू काढून शहाबादी फरशीवर तरफ मांडायला सुरुवात केली. निम्म्यावर आलो असेन, तेवढ्यात मास्तर गरजले.

"हे कोण गाढव आणलंस रे, गफूर?"

पोरगा बोर्डात पहिला आल्यावर बाप बघतो तसे गफूरभाई माझ्याकडे बघत होते. मला हाताला धरून त्यांनी मागच्या नळावर नेलं.

"मास्तर दिसभर पडल्या भिंतीखाली होते, सर. काढलं तवा घरात दुसरं कुनी उरलं नव्हतं. बोलनंच बंद झालं. मी जेवन आनलं, मिठाई आनली, डाक्टर आनला. कायबी न्हाई. मग एकदा नवा अंक आनला, म्हटलं, बघा, डोंगरच गायब केलाय. तर म्हनले, 'गाढव आहेत.' मी हितंच बसून रडलो, सर. तवापासून लोकांची उत्तरं गोळा करून दर हप्त्याला आनतो. चांगलं उत्तर ऐकून नुसती मान हलवतेत. भंगार आनलं तर बोलतेत."

मी टपकणारा नळ घट्ट बंद केला.

"डोंगर मी टाकलाय," गफूरभाई म्हणाले. "काढायचा त्यांनीच, करार हाय. एक दिवस लई चिडतील आन् सोता सांगतील."

मला त्या क्षणी माझ्या तरफेचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्याही निकालाचा वाटलेला नाही.

आम्ही परत आलो, तर मास्तर बाजेवरून उतरून फरशीवर बसले होते आणि माझी तरफ पंचाच्या टोकानं पुसत होते. डोंगर तेवढा त्यांनी ठेवला होता.

"गफूर, ह्या सगळ्यांना डोंगर हलवायची घाई," ते म्हणाले. "तो आत एकटा आहे, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आधी आत कुणाला तरी पाठव त्याच्याजवळ. निघायचं मग बघू."

गफूरभाई फरशीजवळ सरकले. "कुनाला पाठवू, मास्तर?"

"तुझी शेळी आहे की. शेळीला फट सापडते."

गफूरभाईंनी माझ्या हातातून खडू घेतला आणि ते फरशीवर ओणवे झाले. डोंगराच्या पोटात उल्कावीर काढला, त्याला खेटून शेळी काढली. घाईत एक कान काढायचा राहिला. मास्तरांनी खडू मागून घेतला आणि तो तुटका कान स्वतः काढला.

परतीच्या एसटीत गफूरभाई खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, चला, लातूरकर सुटले. इतक्यात कंडक्टर तिकिटाला आला.

"साहेब," गफूरभाई सावरून बसले, "एक मानूस आन् एक शेळी डोंगराखाली अडकलेत. कसे काढाल?"

कंडक्टरनं क्षणभर विचार केला. "शेळीचं तिकीट लागंल."

"वा! काय भंगार हाय!" गफूरभाई डोळे पुसत म्हणाले. "परत एकदा सांगा."