सापळ्याचं तोंड कुठल्या बाजूला

उमाजीच्या ट्रॅक्टरला सगळं होतं, थांबायची सवय तेवढी नव्हती. वडिलांच्या काळातलं ते परदेशी धूड. मागच्या चाकांच्या दांड्यांवरची रबरी सीलं झिजली होती. त्यामुळे आतलं तेल पाझरून ब्रेकवर यायचं आणि ब्रेक नुसते घसरायचे. थांबायचं झालं की उमाजी ट्रॅक्टर भाताच्या तणशीच्या ढिगात घालायचा. दरवेळी ढीग पुन्हा रचावा लागे, एवढाच त्रास.

पण आता मुलीचं, रुपालीचं लग्न आलं होतं, आणि उमाजी व्याह्यांसमोर बोलून बसला होता, "जावई माह्या ट्रॅक्टरवर बसून मांडवात येईल!"

व्याही लच्छूभाऊ मोहर्लीचे. वाघ पाहायला आलेल्यांना ते जीपमधून फिरवत. ते म्हणाले, "अन् नाई आला, तं तुमचं भंगार माह्या जीपले बांधून चिमूरच्या भंगारवाल्याकडे नेईन. कबूल?"

"कबूल!" उमाजी म्हणाला. मग तो घाबरला.

चिमूरच्या वहाब मिस्त्रीने त्या मापाची सीलं कुठून कुठून शोधली. नागपूरहून ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती आली. वहाबने चाकं उतरवली, जुनी सीलं काढली आणि नवी उमाजीला दाखवली.

"उमाजीभाऊ, ये देखो. स्प्रिंगवाली बाजू आत, तेलाकडं. मी जुम्याची नमाज पढून येतो. हात नका लावू."

हात लावू नका म्हटल्यावर उमाजीचा हात स्वस्थ बसेना. त्याने सील उलटसुलट करून पाहिलं. आत निमुळता होत गेलेला ओठ आणि त्याच्या अरुंद टोकाला स्प्रिंग. हे तर ओळखीचं! तलावात मासे धरायचा बांबूचा सापळा असाच असतो. मासा निमुळत्या तोंडातून सरळ शिरतो, परत निघू शकत नाही.

"काओ," त्याने बायकोला विचारलं, "सापळ्याचं तोंड कुठी करते?"

"माशे येतात तिकडं," गोकुळा म्हणाली. "पोरीचं लगन आलं अन् तुम्ही माशे धरून राह्यले?"

"अन् तेल कुठून येते?"

"आतून."

"मंग?"

गोकुळाने विचार केला. तिचं माहेरही तलावाकाठचंच. "मंग तोंड आत पाह्यजे. तेल शिरंल अन् तिथंच अडकंल."

"वहाबभाई तं उलटं सांगून गेला!"

"त्याले काय मालूम? त्यानं कधी माशे धरले काय?"

वहाब परतला तेव्हा चाकंसुद्धा बसली होती.

"बसवून टाकलं? स्प्रिंग कुठं केली?"

"जिथं पाह्यजे तिथं," उमाजी म्हणाला. त्याच्या मते हे खरंच होतं. ब्रेक दाबून पाहिले, लागले. वहाब निर्धास्त झाला.

लग्नाच्या दिवसापर्यंत तेल सापळ्यात शिरलं आणि पलीकडून आरामात बाहेर पडलं.

उमाजीच्या घराकडचा रस्ता उतरत उतरत मांडवाशी येतो आणि तसाच पुढे तलावात जातो. बँड वाजत होता. नवरदेव अमर ट्रॅक्टरवर ऐटीत बसला होता. मांडव आला. मांडव गेला.

"मामाजी, मांडव!"

"दिसला मले!"

"ब्रेक मारा ना!"

"मारूनच राह्यलो!"

तणशीचा ढीग पाहुण्यांच्या बसण्यासाठी पसरला होता. ट्रॅक्टर सरळ तलावात शिरला आणि गुडघाभर पाण्यात, चिखलात थांबला. नवरदेव कोरडा होता. मोजे सोडून.

"आता नेतो भंगारात!" लच्छूभाऊंनी आनंदाने जीप काढली, दोर घेतला, काठावर आले आणि जीपसकट चाकांपर्यंत चिखलात रुतले. जितका जोर लावला, तितके खाली गेले.

"व्याही," उमाजी पाण्यातून म्हणाला, "दोर फेका."

त्या धुडाने मागे-पुढे करत तलावातच वळण घेतलं, जीप बाहेर खेचली आणि चढावर ओढत नेली. मांडवाशी येऊन उमाजीने क्लच दाबला. ट्रॅक्टर लगेच मागे घसरला आणि जीपवर टेकला.

"व्याही, ब्रेक दाबा! नाईतर पोरगा पुन्हा पाण्यात!"

लच्छूभाऊंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. अमर उतरला, थेट मांडवात गेला. मुहूर्त टळत आला होता, म्हणून भटजींनी लगेच मंगलाष्टकं सुरू केली.

"अबे, चाकाखाली दगड लावा कोनी!" लच्छूभाऊ ओरडत होते. बँडपुढे ऐकतो कोण? कुणीतरी त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. मुलाचं लग्न त्यांनी ब्रेकवर उभं राहून पाहिलं, आणि अक्षता टाकल्या त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी वहाबने ब्रेकचा ड्रम उघडला. आत तेल, चिखल आणि बोटभर मासा.

"उमाजीभाऊ! सील उलटं बसवलं!"

उमाजीने मासा शेपटीने उचलून गोकुळाला दाखवला.

"पाह्य. तोंड बराबरच होतं."