हाक मारून पाहिलेलं नाव

"अख्ख्या जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव ठेवतो की नाही बघा!" असं खटकेरावांनी सासूबाईंना छाती ठोकून सांगितलं, तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम तीन आठवड्यांची होती आणि सासूबाई तिला खुशाल 'चिमी' म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

खटकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेलं प्रत्येक कुलूप कानाशी धरायचं, किल्ली फिरवायची, खटका नीट वाजतो का ते ऐकायचं, तीनदा हिसका द्यायचा आणि मगच ते पेटीत टाकायचं, हे त्यांचं काम. सवय अशी अंगात मुरली होती की नव्या खुर्चीवरसुद्धा ते तीनदा आदळून बसत. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा भेटले तेव्हा तिचा हात त्यांनी एकदाच हलवला, याचं कारखान्यात अजून नवल करतात.

नावाच्या बाबतीत बायकोची अट एकच होती. ती क्रेन चालवायची. पहिल्यांदा नोकरी मागायला गेली तेव्हा साहेबाने पाकिटावरचं नाव वाचलं, "टायपिस्टची जागा भरली," म्हणाला आणि पाकीट न फोडताच परत केलं! पुढे तिने त्याच साहेबाच्या डोक्यावरून टनावारी लोखंड फिरवलं, पण तो राग काही निवला नाही.

"आपल्या पोरीचं नाव वाचून मुलगा की मुलगी ते कळताच कामा नये," ती म्हणाली. "आधी अर्ज वाचू देत मेल्यांना! मग ती दार उघडून आत आली की काय डोळे विस्फारायचे ते विस्फारू देत."

खटकेरावांना हे मनापासून पटलं. मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच त्यांनी तिची मूठ हलकेच उघडून पाहिली होती. एवढीशी मूठ, आणि बाहेर एवढी बंद दारं! फक्त बायकोच्या अटीला त्यांनी स्वतःचं एक शेपूट जोडलं, की ते नाव दुसऱ्या कुणाचंही नसावं. सासूबाईंना हे थेर वाटत होते. त्यांच्याकडे एक सोज्वळ, सालस नाव तयार होतं आणि ते दर तिसऱ्या घरात होतं.

"जावईबापू, नाव म्हणजे काय कुलूप आहे? एकाची किल्ली दुसऱ्याला लागली म्हणून बिघडतं कुठे?"

रोजच्या या वादाने बायकोचं डोकं उठलं. शेवटी तिने निकाल दिला. "आज दिवे लागायच्या आत एक नाव पक्कं करून आणा. नाहीतर आईचं नाव. मग माझ्याशी बोलायचं नाही!"

नाव तसं खटकेरावांना सापडलं होतं. (ते आम्ही इथे देत नाही. का, ते शेवटी कळेल.) पण तपासल्याशिवाय माल बाहेर काढणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, म्हणून घरात अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. बाथरूममध्ये नळ सोडून त्यांनी ते लाडाने म्हणून पाहिलं, दरडावून म्हणून पाहिलं. मागे 'डॉक्टर' लावून पाहिलं, पुढे 'आजी' लावून पाहिलं. सगळीकडे खटका बरोबर वाजला. आता एकच चाचणी उरली होती. भर गर्दीत उभं राहून हाक मारायची. एकही मान वळली नाही, तर नाव पास!

घरासमोरच बाग होती. संध्याकाळची वेळ, झोपाळ्यांपाशी पोरांची झुंबड, बाकांवर म्हातारी मंडळी, फाटकाशी पॉपकॉर्नवाला. खटकेरावांनी मधला बाक धरला आणि साध्या आवाजात हाक मारली. कुणी वळलं नाही. पहिला हिसका पास!

मग जरा चढ्या आवाजात. बाकाखालच्या कुत्र्याने एक डोळा उघडून मिटला. दुसराही पास!

तिसरा हिसका मात्र नेहमी पूर्ण ताकदीचा असतो. खटकेराव बाकावर चढले, तोंडाभोवती हातांचा भोंगा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

सगळी बाग वळली!

आता कुणी बाकावर चढून गळा काढला, की माणसं नावाला नव्हे, ओरडण्याला वळतात. कुलपांच्या बाबतीत असं काही घडत नसल्याने हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काय झालं हो? कोण हरवलं?" भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई धावत आल्या.

"कुणी नाही, कुणी नाही!"

"लाजू नका. आमचाही नातू असाच हरवला होता. दुधाच्या दुकानात सापडला."

तेवढ्यात निवृत्त ड्रिल मास्तर आले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, गळ्यातली शिट्टी झाली नव्हती. "मुलगा की मुलगी?" त्यांनी दरडावून विचारलं.

खटकेरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे नावावरून कळलं नाही ना तुम्हाला?"

"कळलं नाही म्हणून तर विचारतोय!"

"वा! हेच तर पाहिजे होतं!"

"परिणाम झालाय हो बिचाऱ्याच्या डोक्यावर," आजीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "पोटचं पोर हरवलं की असंच होतं माणसाचं."

"अहो आजी, कुणी हरवलेलं नाही..." पण ते वाक्य शिट्टीखाली चिरडलं गेलं.

"दोन तुकड्या करा!" मास्तर गरजले. "उजवीकडच्यांनी मुलगा शोधा, डावीकडच्यांनी मुलगी! पळा!"

बघता बघता बाग त्या नावाने दणाणून गेली. झुडपांत नाव, कारंज्यापाशी नाव, घसरगुंडीच्या खाली नाव! ज्या नावाला आजवर नळाच्या पाण्याखेरीज साक्षीदार नव्हता, ते जो तो तोंडात घोळवत होता. खटकेरावांना रडू यायचं बाकी होतं. आणि गंमत अशी, की ऐकायला ते फार छान वाटत होतं.

पोरं सापडायला वेळ लागला नाही, कारण बाग पोरांनीच भरली होती. उजव्या तुकडीने एक गुबगुबीत मुलगा त्यांच्यासमोर आणून उभा केला. त्याच्या दोन्ही मुठींत पॉपकॉर्न होते.

"हाच! नाव विचारलं तर हो म्हणतोय!"

"तू घोडा आहेस का म्हणून विचारा, तरी हो म्हणेल!" खटकेराव कळवळून ओरडले.

"हो," मुलगा म्हणाला.

एवढ्यात त्याची आई गर्दी फोडत आली. "माझ्या पोराला पॉपकॉर्न देऊन पळवता काय? थांबा, दाखवतेच!" आणि तिने खरंच दाखवलं, कारण फाटकाशी उभ्या असलेल्या हवालदारबाई तिच्या मागोमागच आल्या होत्या.

"हरवलेल्याचं वय?" हवालदारबाईंनी विचारलं.

"तीन आठवडे."

मास्तरांच्या तोंडातून शिट्टी गळाली.

"तीन आठवड्यांचं मूल बागेत सोडलंत?"

"सोडलं नाही हो, घरी आहे!"

"मग हरवलं काय?"

"काहीच नाही. मी नाव तपासत होतो."

हवालदारबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घरी फोन लावा. सगळ्यांना ऐकू येईल असा."

फोन सासूबाईंनी उचलला.

"हवालदार बोलतेय. तुमच्या घरात या नावाचं बाळ आहे का?" आणि बाईंनी ते नाव घेतलं.

"नाही!" सासूबाई कडाडल्या. "नव्हतं, नाही आणि मी जिवंत असेपर्यंत असणारही नाही! आमच्याकडे फक्त चिमी आहे!" खाड्कन फोन बंद झाला.

मग वरात निघाली. पुढे हवालदारबाई, मध्ये खटकेराव, मागे मास्तर, आजीबाई, पॉपकॉर्नवाला मुलगा, त्याची आई आणि उजव्याडाव्या तुकड्या. दार बायकोने उघडलं. तिच्या खांद्यावर मुलगी झोपली होती.

"हे तुमचे का?" हवालदारबाईंनी विचारलं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्यामागच्या गर्दीकडे पाहिलं. "सकाळपर्यंत होते," ती म्हणाली.

"अगं, ते नाव... बागेतलं... ते आपल्या पोरीसाठी होतं," खटकेराव मान खाली घालून म्हणाले. "मला वाटलं, आधी तपासून घ्यावं. वाट लागली त्याची. आईंचंच ठेव."

बायकोने तोंड फिरवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून खटकेराव पुढे झाले, तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"खिडकीतून ऐकतेय मी मघापासून! अर्धी माणसं 'कुठे गेलास रे' म्हणून ओरडत होती आणि अर्धी 'कुठे गेलीस गं'! एवढ्या सगळ्या बागेला कळलं नाही हो!" तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं. "हेच नाव. ठरलं!"

टाळ्या पडल्या. खटकेरावांची छाती पुन्हा फुगली. पास! क्षणभर त्यांना जग जिंकल्यासारखं वाटलं.

"नाव मात्र झकास शोधलंत हं," जाता जाता आजीबाई म्हणाल्या. "आमच्या सुनेचे दिवस भरत आलेत. मुलगा झाला तरी बरं, मुलगी झाली तरी बरं!"

"माझ्या भाचीलाही सांगतो," मास्तर म्हणाले. "हाक लांबवर जाते. मी स्वतः पाहिलंय!"

वर्ष उलटलं. परवा खटकेराव मुलीला घेऊन त्याच बागेत गेले. ती पुढे रांगत होती. त्यांनी सहज, अगदी हळू आवाजात, तिला नावाने हाक मारली. आजीबाईंच्या नव्या नातवाने वळून पाहिलं. मास्तरांच्या भाचीची मुलगी वळली. पॉपकॉर्नवाला मुलगा तर दोन्ही हात पसरून धावतच आला. त्या संध्याकाळपासून तो जुन्या नावाला ओच देत नाही. बाकाखालच्या कुत्र्यानेही कान टवकारले. ते नाव इथे का दिलं नाही, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. उगाच तुमच्या घरी पाळणा हलायचा असेल, तर तुम्हीही तेच ठेवाल!

त्यांची स्वतःची मुलगी मात्र गवत उपटत बसली होती. त्यांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा, पूर्ण ताकदीने मारली. ढिम्म!

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून सासूबाईंनी नुसतं "चिमे!" म्हटलं, आणि ती खुदकन हसून वळली.